नावाची ओळ

बीयुम्मानं जिच्यासाठी लग्नाची ओप्पना गायली नाही अशी नवरी कोंडोट्टीत शोधून सापडायची नाही. नवरीला मध्ये बसवायचं, पोरींनी टाळ्या देत भोवती फिरायचं आणि बीयुम्मानं नवरीचं नाव गुंफून ओळ उचलायची. तीस वर्षं हेच. पोटच्या लेकीला, सफूरालाही, तिनंच गाऊन सासरी धाडलं. सफूरा दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेली. आता दीड वर्षानं जावई अलवी रैहानतशी निकाह लावत होता, आणि नवरीची आई आमंत्रण घेऊन बीयुम्माच्याच दारात आली. लाज म्हणून काही असते, ती त्या बाईला शिवलेली नसावी.

"बीयुत्ता, तुमच्याशिवाय कोण गाणार? फक्त जीभ सांभाळा हं. भलतं नाव तोंडात आलं तर माझ्या पोरीनं काय करायचं?"

बीयुम्मा हो म्हणाली. पाच वर्षांची नात शहला उद्यापासून रैहानतच्या हाताखाली वाढणार होती. जीभ घसरली तर राग पोरीवर निघेल, एवढं तिला कळत होतं. बाकी काही वाटत नव्हतं. सफूरा गेल्यापासून वाटणंच बंद पडलं होतं. आठवडाभर भात ढवळताना, अंगण झाडताना ती घोकत राहिली, रैहानत, रैहानत.

लग्नाच्या दुपारी साथीची कदीजा कानाशी लागली, "अडलीस तर मी उचलते गं."

"गप, टाळी धर."

रैहानत मेंदीचे हात मांडीवर ठेवून, सोन्यानं मढून बसली होती. नावाची ओळ आली नि गेली, एकदा नव्हे, सातदा. बायकांचा जीव भांड्यात पडला. "काळीज आहे का दगड!" कुणीतरी बोललंच. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

तूपभाताची ताटं आली नि बायका तिकडे वळल्या, तशी शहला येऊन बिलगली.

"उम्मुम्मा, माझ्या उम्माच्या लग्नात पण असंच गायलीस?"

"हो गं."

"तिचं नाव घालून? म्हण ना. हळूच."

आता ऐकायला कुणी नव्हतं. बीयुम्मानं पोरीला मांडीवर घेतलं आणि ओळ उचलली. नावाच्या जागी रैहानत आलं. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून उचलली. पुन्हा रैहानतच.

"हे तर नव्या उम्माचं," शहला म्हणाली. "माझ्या उम्माचं विसरलीस होय?"

"विसरले," बीयुम्मा म्हणाली. तेव्हाही तिला रडू आलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.