काकडीच्या रानावरची चौपाटी

नाशिकला समुद्र नाही. हे मी नणंदेला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी, समुद्र नसला म्हणून काय झालं, बीच आहे. फोटो पाठवते." फोटोत पिवळी वाळू, लोळायच्या खुर्च्या, प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि मागे आमच्या गंगापूर धरणाचं पाणी. माझं डोकं तिथेच फिरलं. सख्ख्या भावाचं घर गावात असताना ही बाई मुंबईहून येऊन हॉटेलात उतरणार, आणि कशासाठी, तर चौपाटीसाठी! मुंबईत चौपाटीचा तुटवडा पडला होता का?

वर मलाच विचारते, "हॉटेलच्या आसपास खायला, घ्यायला, बघायला काय काय आहे?" मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाशिकबद्दल कुणी विचारलं की माझं तोंड थांबत नाही. मी सांगितलं, हॉटेलातला नाश्ता अजिबात खायचा नाही, गंगापूर रोडला चुलीवरची मिसळ खायची. तिथे रस्सा मागावा लागत नाही, वाटी रिकामी दिसली की वाढणारा येतोच. द्राक्षं बागेच्या दारातून घ्यायची, चाखून बघून. तांब्याचा हंडा हवा असेल तर भांडी बाजारात मी येईन, कारण तुम्हाला तिथे फसवतील. सोमेश्वरचा धबधबा आत्ता बघू नका, मार्चात तिथे नुसते खडक असतात. आणि सगळ्यात आधी गाळपेरीची काकडी.

गाळपेर म्हणजे काय हे मला तिला समजावून सांगावं लागलं. थंडी सरली की धरणाचं पाणी मागे हटतं आणि काळा गाळ उघडा पडतो. त्या ओलीवर काठावरची माणसं काकडी, टरबूज लावतात. जमीन सरकारी, पण कुणाचा तुकडा कुठला हे काठावर सगळ्यांना ठाऊक असतं. खुणेचा दगड पावसाळ्यात पाण्याखाली जातो, उन्हाळ्यात वर येतो, आणि कुणी तो इकडचा तिकडे करत नाही. हॉटेलच्या वळणावर एक मावशी त्या काकडीची पाटी घेऊन बसायच्या. काकडी मधोमध चिरून मीठ-तिखट चोळून द्यायच्या. वर्षानुवर्षं आम्ही त्यांच्याकडूनच घेत होतो. मागची दोन वर्षं गुडघ्यांच्या दुखण्यामुळे माझं तिकडे जाणं झालं नव्हतं, एवढंच.

रविवारी नणंदेला घेऊन मिसळ खाल्ली. ती कौतुकाने दोन पाव जास्त खाऊन गेली, तेव्हा माझा राग जरा उतरला. मग वळणावर आलो. मावशी नव्हत्या. पाटी नव्हती. तिथे हॉटेलची पाटी होती, बाण काढलेली.

"आत तर चला," नणंद म्हणाली, "माझा बीच बघा तरी."

बीच बघितला. पाण्यापर्यंत वाळू, भोवती तारेचं कुंपण, आणि वाळूवरून दाताळं ओढत ती सारखी करणारी एक बाई. अंगावर हॉटेलचा निळा कोट. तिने मान वर केली आणि मी चरकले. आमच्या काकडीवाल्या मावशी!

"मावशी, तुम्ही इथं काय करताय?"

"वाळू वढतीय, बाई. लोकांच्या पावलांचे खड्डे पडत्यात ना, ते बुजवायचे."

"आणि काकडी?"

त्यांनी दाताळ्याचा दांडा वाळूत टेकवला. "ही काय, हितंच व्हती."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात त्यांचे मालक गेले. घरधनी किंवा घरधनीण गेली की वर्षभर त्या घरच्या गाळपेरीत बी टाकायचं नाही, अशी काठावरची रीत. शेजारीपाजारीही त्या तुकड्याला हात लावत नाहीत. उलट आपली गुरं तिकडे जाऊ नयेत म्हणून जपतात. मावशींनी रान तसंच सोडलं. हॉटेलवाल्यांनी ते रिकामं पाहिलं आणि वाळूचे ट्रक ओतले. यंदा पाणी उतरल्यावर मावशी बी घेऊन आल्या, तर तारेचं कुंपण आधीच उभं.

"तुम्ही भांडला नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"भांडले ना. ते म्हनले, कागद दाखव. गाळाचा कसला आलाय कागद? मंग म्हनले, कामाला ये. आले. घरी नात हाय, खायला लागतंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्या जमिनीत त्या बाईने जन्मभर वेल लावले, त्याच जमिनीवर वाळू सारखी करायला तिला ठेवलं होतं!  नणंदेच्या हातातला शहाळ्याचा ग्लास तसाच राहिला.

मी मॅनेजरला बोलावलं. माणूस अतिशय नम्र. असल्या नम्रपणाची मला चीड आहे, कारण त्याच्याशी भांडताना आपणच आडदांड दिसतो. म्हणाला, "मॅडम, जागा पडीक होती. वर्षभर कुणी काही पेरलं नव्हतं."

"त्यांच्या घरात माणूस गेला होता!"

"हो का? सॉरी. पण ते आम्हाला कसं कळणार?"

"विचारून. तोंडाने विचारून कळतं."

तो हसला. पाहुण्याचं बोलणं मनावर न घ्यायचं शिक्षणच असतं त्यांना. विषय बदलायला म्हणाला, "तुम्हाला बीच छोटा वाटला असेल, पण आता वाढवतोय. तो डावीकडचा पट्टा बघा, पाणी उतरून महिना झाला तरी तोही रिकामाच आहे. गुरुवारी ट्रक येतायत."

मी डावीकडे पाहिलं. कुंपणापलीकडे काळाभोर ओला गाळ, मधे खुणेचा दगड, आणि वेल एकही नाही.

मावशींनीही पाहिलं. "तो माझ्या दिराचा," त्या हळूच म्हणाल्या. "दिवाळीत जाऊबाई गेल्या."

त्यांनी दाताळं वाळूवर टाकलं, निळा कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि कुंपणाशी गेल्या. मॅनेजर "अहो, ड्युटी संपली नाही" म्हणाला, ते त्यांनी ऐकलं नाही. पलीकडच्या चढावर एक म्हातारा, त्यांचा दीरच, बैल धरून उभा होता. रिकाम्या तुकड्यात तो बैलाला उतरू देत नव्हता.

मावशींनी पदर डोक्यावर घेतला. थोरल्या दिरासमोर त्या कधी मोठ्याने बोलल्या नसतील. मला वाटलं, त्या जवळ जाऊन सांगतील. पण त्या तारेला धरून तिथूनच ओरडल्या, सगळ्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने.

"भावजी, बी टाका! दुखवटा ऱ्हाऊ द्या बाजूला. आजच्या आज बी टाका!"

म्हाताऱ्याने ऐकायला कानामागे हात धरला. मग त्याला समजलं असावं, कारण त्याने जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि बैलाचा कासरा आणखी आखडून धरला.

मावशी पुन्हा ओरडल्या. या वेळी त्यांना रडू आलं होतं. मी चपला काढल्या, गुडघ्याची पर्वा न करता वाळू तुडवत कुंपणाशी गेले आणि त्यांच्या बरोबरीने ओरडायला लागले.