लोहकरे मॅडमचं भेव

लोहकरे मॅडम पंख्याखाली बसत नसत. मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा बरोबर मधोमध होता, म्हणून त्यांनी आपलं टेबल कोपऱ्यात सरकवून घेतलं होतं. एप्रिलच्या उन्हात त्या तिथेच पदराने वारा घेत कामं करायच्या. मी शाळेत नवा रुजू झालो त्या दिवशी पंख्याखालची खुर्ची ओढून बसायला लागलो, तर म्हणाल्या, "इकडे या सर, भिंतीजवळ. त्याचा हुक कोणी लावला, कसा लावला, आपल्याले काय माहीत?"

आमची शाळा वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातल्या एका गावात, एका खासगी संस्थेची. मॅडम मुख्याध्यापिका होत्या, मराठीही शिकवायच्या, आणि वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकातली असायची. पण घाबरल्या की ती भाषा सुटायची आणि घरची वऱ्हाडी बाहेर यायची, बायकाही 'मी जातो' म्हणतात ती. त्यामुळे दिवसातला बराच वेळ आम्ही त्यांची वऱ्हाडीच ऐकत असू. ढग गडगडले की त्या सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावायच्या. पोषण आहाराच्या खिचडीचा पहिला घास स्वतः खाऊन थोडा वेळ थांबायच्या, मगच पंगत बसू द्यायच्या. आम्ही हसलो की त्या रागावत नसत. "हसा," म्हणायच्या. "मी भेतो म्हणून तुम्ही हसून राह्यले. मी भेलो नसतो तं तुम्हाले भ्याव लागलं असतं."

एकदा त्यांनी संस्थेच्या सचिवांना सांगितलं की सातवीच्या वर्गाच्या स्लॅबला भेग पडली आहे. सचिवांनी वर न पाहताच उत्तर दिलं, "मॅडम, घबराट पसरवू नका." मॅडमनी वर्ग व्हरांड्यात बसवला. स्लॅब काही पडला नाही. पुढे उन्हाळ्यात गुपचूप दुरुस्त झाला.

शाळेत स्मार्ट क्लासचा मोठा टीव्ही आला, त्या हिवाळ्यात शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही तिघं मागे थांबून एक मालिका पाहू लागलो. मी, मॅडम आणि गणिताचे भोयर सर. परदेशातल्या अणुभट्टीच्या स्फोटाची गोष्ट होती, हिंदी आवाजातली. भट्टी फुटलेली असते, वाऱ्याबरोबर विष शहरावर येत असतं, आणि एका खोलीत बसलेले साहेब लोक ठरवत असतात की काही झालेलं नाही. मला वाटलं होतं, भाजलेली माणसं पाहून मॅडम उठून जातील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला तो वेगळ्याच दृश्याला. सकाळ झालेली असते, स्वच्छ ऊन पडलेलं असतं आणि मुलं दप्तरं घेऊन शाळेत निघालेली असतात.

"याहिले कोणी सांगितलं काऊन नाई?" त्या म्हणाल्या.

भोयर सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ते त्यांच्या देशातलं. तिथं कोणाले काही विचारता येत नव्हतं."

"आन् आपण कोणाले विचारतो?"

मॅडम टीव्हीकडे पाहतच होत्या. "तो साहेब त्या इंजिनिअरले म्हणते ना, का तू घबराट पसरवतो. सर, हे वाक्य मी आपल्या ऑफिसात उभं राहून ऐकलं हाये."

शेवटचा भाग पाहायचा राहिला होता, तेवढ्यात ती सकाळ आली.

गावापासून थोड्या अंतरावर रसायनांचा एक कारखाना आहे. गावातली निम्मी माणसं तिथे कामाला. कारखान्याच्या नव्या युनिटचं उद्घाटन होतं, मोठे पुढारी येणार होते. आमच्या आणि शेजारच्या गावच्या शाळेतली मुलं झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेने उभी राहणार होती. मी शाळेत पोचलो तेव्हा धुकं जमिनीलगत साचलेलं होतं आणि त्यात एक वास होता, ब्लीचिंग पावडरीसारखा, घशाला टोचणारा. डोळे चुरचुरत होते. मुलं मैदानात रांगा करून, हातात झेंडे घेऊन खोकत होती.

मॅडम ऑफिसातून जवळजवळ धावतच आल्या. "आत घ्या. सगळे पोट्टे आत घ्या."

खिडक्या लावल्या. मुलांना रुमाल ओले करून तोंडावर धरायला सांगितलं. तेवढ्यात सचिवांचा फोन आला. मॅडम रुमाल पिळत होत्या, म्हणून फोन मी त्यांच्या कानाशी धरला आणि पलीकडचं मला सगळं ऐकू आलं. "मी कारखान्यात विचारलं. काही झालं नाही, पाइप धुतला म्हणे. गाड्या निघाल्या आहेत. मुलांना पाठवा."

"साहेब, वास येऊन राह्यला."

"मला नाही येत."

"तुम्ही वर्ध्यात हाये."

पलीकडून आवाज चढला. मॅडमनी ऐकून घेतलं, मग एवढंच म्हणाल्या, "मले भेव लागते, साहेब. मी नाई पाठवत." त्यांनी शाळेच्या फाटकाला कुलूप लावून घेतलं. भोयर सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, नोकरीवर येईल." त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. "येईल," त्या म्हणाल्या.

पाचवीच्या वर्गात एका मुलीने रुमालाआडून विचारलं, "मॅडम, काय झालं?"

मी असतो तर काही नाही म्हटलं असतं. मॅडम तिच्याजवळ बाकावर बसल्या. "मले माहीत नाई, बेटा. माहीत होईपर्यंत आपण आत बसू."

बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत गेले. आमच्या गावचा रस्ता रिकामा होता. दुपारपर्यंत धुकं उठलं, वासही गेला. आमच्या कोणत्याही मुलाला काही झालं नाही. शेजारच्या गावची जी मुलं रस्त्यावर उभी राहिली होती, ती बरेच दिवस खोकत होती असं ऐकलं. हवा बदलल्यामुळे, असं सांगण्यात आलं.

आणि काही झालं नाही, हाच मॅडमवरचा आरोप ठरला. सचिवांनी आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या एका तरी मुलाला काही झालं का?"

"नाई."

"मग?"

"आत होते म्हणून नाई झालं असन."

"असन म्हणजे काय? पुरावा आहे?"

पुरावा कुठून आणणार? मग त्यांना सांगण्यात आलं की पालकसभा घ्या आणि वास वगैरे काही नव्हता, आपला गैरसमज झाला, असं तुमच्या तोंडानं सांगा. गावात उगाच चर्चा सुरू आहे, ती थांबली पाहिजे.

सभेला हॉल भरला होता. सचिव पहिल्या रांगेत. मॅडमच्या हातातला माइक त्यांच्या हनुवटीवर आपटत होता. त्या म्हणाल्या, "मले सांगाले सांगितलं का वास नव्हता. मले आला होता. तुम्हाले आला नसन तं चांगलं हाये. आला असन तं सांगा."

मी मागे उभा होतो. त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला तो वास आला होता. कारखान्यात काम करणारे बाप जमिनीकडे पाहत बसले. बायकांनी पदर तोंडाशी नेले. माझीही मान खाली होती. मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती त्या शांततेची वाटली. मॅडमनी थोडा वेळ वाट पाहिली, मग माइक टेबलावर ठेवला आणि बाहेर गेल्या.

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, संस्थेच्या पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आष्टीकडच्या शाळेत. जायच्या आधी भोयर सरांनी, त्यांना बरं वाटावं म्हणून, मालिकेचा राहिलेला भाग लावू का, असं विचारलं. मॅडम कपाट रिकामं करत होत्या. "नका लावू सर. पुढं काय होते ते मले माहीत हाये." निघताना त्यांनी मला प्रत्येक खिडकीची कडी लावून दाखवायला सांगितलं. मग एसटीत बसल्या आणि मागे वळून न पाहता गेल्या.

आता शाळेचा प्रभार माझ्याकडे आहे. नवं युनिट चालू आहे. गेल्या हिवाळ्यापासून मला एक गोष्ट दिसू लागली. धुकं दाटलं आणि घसा चुरचुरला की त्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे राहतात. आधी कळेना. मग पाचवीतल्या एका मुलीच्या आईने सांगितलं. हीच बाई त्या सभेत पदर तोंडाशी धरून बसली होती. गावातल्या बायका मॅडमना फोन करतात. कारखान्याला नाही, पंचायतीला नाही, मलाही नाही.

मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, करतात. म्हणतात, मॅडम, आज येऊन राह्यला, पोरीले पाठवू का? मले इथून काय वास येते, सर? मी म्हणतो, नको पाठवू."

मागच्या आठवड्यात तशीच सकाळ होती. शाळेत मोजकीच मुलं आली होती, ज्यांच्या घरून मॅडमना फोन गेला नव्हता ती. मी त्यांना आत घेतलं, खिडक्या लावल्या. थोड्या वेळाने सचिवांचा फोन आला. हजेरी इतकी कमी का, म्हणाले.

खिडकीची कडी मी पुन्हा एकदा दाबून पाहिली. मी म्हणालो, "साहेब, वास येतो आहे."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.