मामंजींच्या नावाचा रंग

सुलूला बघायला आलेल्या मुलाचे वडील चहा संपवून उठले, तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाची पाठ पांढरी झाली होती. नुसती पांढरी नाही, मधेमधे बदामीसुद्धा!

सुलू माझी नणंद. मुलगा नागापूरला कारखान्यात, आणि सुलूला मनापासून आवडलेला. (जत्रेत लांबून पाहिला होता. लांबून सगळेच बरे दिसतात.) म्हणून श्रीरामपूरच्या आमच्या बैठकीच्या खोलीला डिस्टेंपर मारायचं ठरलं. रंगाऱ्यानं भिंतीवर दोन पट्टे ओढून दाखवले, बदामी आणि मोतिया. मला विचाराल तर दोन्ही पाणी घातलेल्या दुधासारखे.

"यांच्या नावाचा लावायला सांग," म्हणून सासूबाई देवळात गेल्या.

मामंजींचं नाव मोतीराम. ते सासूबाई घेणार नाहीत, मी तर नाहीच. (आज लिहिलं. पाप लागायचं ते लागो.)

रंगारी शिडीवरून ओरडला, "वैनी, मोतिया का बदामी?"

"मामंजींच्या नावाचा!" मी चुलीपासून ओरडले.

"काय हाय त्यांचं नाव?"

"आता गं बाई! ते कसं घेऊ? पयला लावा, पयला!"

तोंडानं त्यानं मोतिया पहिला म्हटला होता. भिंतीवर पहिला पट्टा बदामीचा होता. रंगारीच तो, त्यानं भिंत बघितली.

सासूबाई आल्या तेव्हा खोली बदामी. "ह्या रंगात माझी पोर मातीची दिसंल!" दुसऱ्या दिवशी सकाळी वरून मोतिया मारला. पाहुणे दुपारी. भिंत ओली.

"टेकू नका म्हनून सांगू का?" मी विचारलं.

"पावन्यांला असं सांगत्यात व्हय?"

नाही सांगितलं. पाहुणे टेकले.

"हा रंग तरी कोनता म्हनायचा?" कोट हातात धरून मुलाच्या वडलांनी विचारलं. मामंजी विडे आणायला गेलेले. मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे.

"घरच्या भिंतीचा रंग ठावं न्हाई?"

मान खाली घालून बसलेली सुलू फुटलीच. "मोतिया! अन् खाली बदामी! आता मला हसू द्या!" पोह्यांची बशी कलंडेपर्यंत हसली. मुलगाही हसला! वडील नाही हसले.

"पोरगी लई बोलकी हाय," एवढंच म्हणाले आणि गेले. परत निरोप आला नाही.

सुलूला पुढं खर्ड्याला दिली. माणूस भला होता, पण हसायचा नाही. तिच्या संसारात मला तेवढंच खटकत राहिलं.

आता सासूबाई नाहीत, मामंजी नाहीत, आमचे हे नाहीत, तिचाही गेला. सुलू माझ्याकडंच असते. घरातल्या आम्ही दोघी उरलो, आणि दोघींत डोकं चालतं ते तिचं.