चांदीचं कडं

सांगलीत मी रसायनशास्त्र शिकवतो. ही गोष्ट मी घरातसुद्धा सांगितलेली नाही. आता स्वतःचाच इतका संताप येतो, की लिहून टाकतो.

जतकडची एक मुलगी माझ्याकडे संशोधन करत होती. वडील मेंढपाळ. जखमेवर चोळतात तो दगडी पाला त्यांनीच पोतंभर आणून दिला. त्याच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट मिसळलं की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. जंतू वाढवलेल्या बशीत आम्ही त्या मिश्रणाचा थेंब टाकला आणि भोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं उमटलं. मी खूश.

दोन दिवसांनी ती दुसरी बशी घेऊन आली. "सर, नुसत्या सिल्व्हर नायट्रेटभोवती पण एवढंच कडं पडलंय. नुसत्या पाल्याभोवती काहीच नाही."

"ही बशी शोधनिबंधात घ्यायची नाही."

मला बढती हवी होती. तिनं ती वगळली. वगळणारच; तिची पदवी माझ्या सहीवर अडलेली.

निबंध छापून आला. कॉलेजात तिच्या वडिलांना शाल, नारळ; त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मी माईकवरून ठणकावून सांगितलं, मामांच्या पाल्यानं जंतू मारले! बशीचा फोटो बघून मामा म्हणाले, "आवं सर, चांदी घातली म्हंता, मग ह्ये चांदीचंच कडं की!" आणि मनगटातलं कडं वर करून दाखवलं. सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, निर्लज्जासारखा.

यंदा मामांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांना साखरेचा आजार. पाल्यात काही नाही, दवाखान्यात चला, म्हणून पोरीनं डोकं फोडून घेतलं. "तुज्यापेक्षा तुज्या सरास्नी जास्त कळतंय," म्हणत ते पालाच बांधत राहिले. पायाचा अंगठा कापावा लागला.

मी दवाखान्यात गेलो. मामा म्हणाले, "पाला रोज बदलला सर. कडं काय पडलं न्हाई."

"मामा, ते पाल्याचं नव्हतंच. चांदीचं होतं. हिनं तेव्हाच सांगितलं होतं. मी लपवलं."

मामांनी मनगटातलं कडं वर केलं. मग म्हणाले, "आन् मी काय म्हणलो हुतो?"

दुसऱ्या बशीचा फोटो पोरीच्या मोबाईलमध्ये अजून होता. तो तिनं माझ्यासमोर धरला.

"निबंध मागं घ्यायचं पत्र लिहा सर. इथंच बसून. आमच्या वडलांसमोर."

पेनही तिनंच दिलं.