नापासाचे पेढे

"नापास झाले. घ्या, पेढा घ्या."

दारात उभं राहून अक्का असं म्हणायच्या, आणि म्हणताना पुठ्ठ्याचं खोकं इतकं पुढे करायच्या की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरायची नाही. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन येणारी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. नापास झाल्याचे पेढे वाटणारं माणूस मात्र मी एकच पाहिलं.

बसवनगुडीत आमच्या समोरच्या घरात त्या आणि त्यांची म्हातारी आई, अशा दोघीच राहायच्या. त्यांना नाव होतं, पण गल्लीने ते कधी वापरलं नाही. भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का. त्यांचे पणजोबा केव्हातरी कापडाच्या धंद्यासाठी इकडे कानडी मुलखात आले आणि इथलेच झाले. आम्ही बाबांच्या बदलीमुळे पुण्याहून आलेलो. अक्कांचं कानडी मिसळलेलं मराठी ऐकून आईला आधी हसू यायचं. वर्षभरात तीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा की" म्हणायला लागली.

अक्का एका सरकारी कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. सकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून निघायच्या आणि दिवसभर लोकांना इंग्रजीत थांबवून ठेवायच्या. शिवाय त्या बाहेरून बी.ए. करत होत्या. बाकीचे विषय केव्हाच सुटले होते, फक्त इंग्रजी राहिलं होतं. दरवर्षी बसायच्या, दरवर्षी राहायच्या, दरवर्षी पेढे.

"अहो, पण नापासाचे कसले पेढे?" आईने एकदा विचारलंच.

"गणपतीला बोलले होते, निकाल लागला की पेढे. पास झाले की, असं कुठं बोलले होते? देवाला फसवू काय?"

आई हसली. सगळेच हसायचे.

नव्वदच्या दशकातली ती माझी बारावीनंतरची सुट्टी. इकडे बारावीला पी.यू.सी. म्हणतात. मी सायन्सला होते, पेपर संपले होते, आणि ते कसे गेले हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईने परस्पर ठरवलं की मी अक्कांना इंग्रजी शिकवावं. मी इंग्लिश मीडियमची. पण शाळेत इंग्रजी, घरी मराठी आणि रस्त्यावर कानडी बोलायचं असतं तिथे मी तिन्ही भाषांत गप्प राहायला शिकले होते. अक्कांना त्याचं काही वाटलं नाही. त्या दोघींच्या वाटणीचं बोलायच्या.

घरी त्यांना सगळं यायचं. धडा माझ्याआधी त्यांना पाठ. निबंध तोंडी असा सांगायच्या की मी ऐकत राहायचे. मग हे इंग्रजी अडतं कुठे, मला कळेना. एका रविवारी मी त्यांना जुना पेपर दिला, टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं आणि म्हटलं, "आता खरी परीक्षा समजा."

अक्का गप्प झाल्या. पहिल्यांदाच. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. वरच्या ओठावर घाम आला. बऱ्याच वेळाने दोन ओळी लिहिल्या, त्यातली एक खोडली. घड्याळ वाजलं तेव्हा त्या एवढ्या दचकल्या की त्यांची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"होतं असं," अक्का पदराने बोटांची शाई पुसत म्हणाल्या. "तिथं बसलं की हात माझा राहत नाही."

मी घड्याळ उचललं आणि घरी आले. मला त्यांची भीती ओळखीची वाटली, आणि तेच मला आवडलं नाही.

माझा निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. बावन्न टक्के. इंजिनिअरिंगचं नाव काढायची सोय उरली नव्हती. बाबा "ठीक आहे" म्हणाले आणि वाचून झालेला पेपर पुन्हा उघडून बसले. संध्याकाळी पुण्याहून मावशीचा फोन आला, तेव्हा आई तिला म्हणाली, "अगं, अजून लागायचाय. इकडे उशीरच असतो." मी आतल्या खोलीत होते. आई कधी खोटं बोलत नसे.

दोन दिवसांनी बाबांनी विषय काढला. त्यांच्या ओळखीचे एकजण इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत होते. तिथे सर्किटं जोडायला मुली घेत होते. बारावी सायन्स चालत होतं, कंपनीची बस होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"आणि बी.ए.?" मी विचारलं. आणखी कुठे प्रवेश मिळण्यासारखा नव्हताच. त्याचीही मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

"बावन्न टक्क्यांवर बी.ए. करून काय मिळणार? तीन वर्षं जातील आणि शेवटी याच दारात उभी राहशील. तेव्हा हे दार तरी उघडं असेल का?"

ते रागावून बोलले नव्हते. तुला काय हवंय असं कुणी विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. कंपनीच्या बसची भीती वाटत होती, कॉलेजचीही. नोकरी घेतली तर पुन्हा कधी वही उघडणार नाही, आणि कॉलेजला गेले तर तीन वर्षांनी बाबांचं खरं ठरेल.

शनिवारी अक्का आल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "पेढे कुठायत?"

"कसले पेढे, अक्का," आई म्हणाली.

"अय्यो, पोरगी पास झाली की! मी नापास होऊन वाटते."

आई चहाच्या निमित्ताने आत गेली. अक्का माझ्या पलंगावर बसल्या. मी त्यांना विचारलं, जरा तुटकपणेच, "तुम्हाला डिग्री नाही, तरी नोकरी आहे. मग कशाला बसता दरवर्षी?"

"आधी प्रमोशनसाठी बसत होते. ते प्रमोशन दुसरीला मिळालं. ती रिटायर पण झाली."

"मग आता?"

"आता माहीत नाही ग." त्या म्हणाल्या, "बसले नाही तर त्या वर्षी काय केलं, असं वाटतंय."

मला याहून मोठं उत्तर हवं होतं. ते आलं नाही. त्या माझ्या खिडकीकडे बघत होत्या. मी चार दिवस ती बंद ठेवली होती.

"पहिल्या वर्षी नापास झाले ना, तेव्हा मी मागच्या बोळातून ऑफिसला जात होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समोर कोण भेटलं तर विचारणार. बोळात गटार, साडी वर धरून जायचं. दुसऱ्या वर्षी म्हटलं, पुरे. लोकांनी विचारायच्या आधी आपणच जाऊन सांगायचं. आणि तोंडात पेढा असला की माणसाला पुढचं विचारता येत नाही."

"म्हणजे गणपतीला बोलला होता ते?"

"गणपती बिचारा कुणाला सांगायला जातोय?"

त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

"उद्या येतीस माझ्याबरोबर? गल्लीत?"

मी नाही म्हटलं. रविवारी सकाळी त्या गांधी बाजारातून धारवाडी पेढ्यांचं खोकं घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. त्या नजरेसमोर घरात थांबण्यापेक्षा मी चप्पल घातली.

पहिलं दार घरमालकीणबाईंचं. "एष्टु?" त्यांनी कानडीत किती म्हणून विचारलं. "फिफ्टी-टू," मी पायांकडे बघत म्हटलं. "अष्टेना?" एवढेच का, असं त्या म्हणत होत्या, पण अक्कांनी पेढा पुढे केला आणि बाईंचं तोंड भरलं. दुसऱ्या दाराशी माझा आवाज जरा वर आला. तिसऱ्या घरात कुणी नव्हतं, आणि मला चक्क वाईट वाटलं.

चौथ्या घरात एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. त्यांचे दोन्ही मुलगे इंजिनिअर. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. तळहातावर ठेवून म्हणाले, "सेकंड क्लास. हं. व्हॉट नेक्स्ट?"

मी अक्कांकडे पाहिलं. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देणाऱ्या अक्का त्या क्षणी त्यांच्या दारातल्या तुळशीकडे बघत राहिल्या. माझ्या वतीने त्या बोलणार नव्हत्या.

"बी.ए.," मी म्हटलं.

तो निर्णय होता की घाबरून तोंडातून निसटलेला शब्द, मला आजही सांगता येत नाही. पण तो मॅनेजरकाकांसमोर निसटला होता. संध्याकाळी बाबा दूध आणायला गेले तेव्हा काकांकडून तो त्यांच्या कानावर आला.

"मला हे बाहेरून कळतं?" बाबा दुधाची पिशवी हातात धरूनच म्हणाले. "उद्या त्यांना काय तोंड दाखवू मी?"

"सांगा, ती कॉलेजला जातेय." आई पोळ्या लाटायची थांबली होती.

"आणि तीन वर्षांनी?"

"माहीत नाही."

बाबा पिशवी आईच्या हातात देत म्हणाले, "नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही." एवढंच. मी त्याला होकार समजले.

प्रवेशाच्या दिवशी बाबांना सुट्टी नव्हती, किंवा त्यांनी घेतली नाही. अक्का ऑफिसातून अर्धा दिवस रजा टाकून आल्या. रांगेत त्या सगळ्यांशी बोलल्या, मी कुणाशीच नाही. काम संपल्यावर त्या जिन्यापाशी थांबल्या.

"स्वल्प एक वर्ग बघूया?"

वर एक खोली उघडी होती. अक्कांनी पदर सावरला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. दोन्ही हात बाकावर ठेवले. कुणीतरी कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं.

"इथं बसून नुसतं ऐकायचं? रोज?"

"हो."

"परीक्षा शेवटी?"

"शेवटी."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तू तिकडं उभी राहा. काही तरी शिकव."

"अक्का, काहीतरीच काय."

"कोण बघतंय? मी कधी दिवसाच्या कॉलेजात बसले नाही."

मी प्लॅटफॉर्मवर चढले. फळ्यावर आदल्या वर्षीचं काहीतरी अर्धवट पुसलेलं होतं, कुठल्याशा तहाची कलमं. मी ती वाचायला लागले. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याचा शेवट पुसला गेला होता म्हणून तिथे थांबले. अक्का ऐकत होत्या. ओठावर घाम नव्हता. हात बाकावर तसेच, स्वस्थ होते. खाली शिपाई दारं लावत होता, त्याचा आवाज जवळ येत होता, तरी त्या उठल्या नाहीत.

दिवाळीनंतर त्यांची हुबळीला बदली झाली. आपल्या आईला घेऊन त्या गेल्या, आणि समोरच्या घरात दुसरं बिऱ्हाड आलं. इंग्रजीचा पेपर पुढे सुटला की नाही, मला कळलं नाही. पदवीचं म्हणाल, तर मला मिळालेली नोकरी तिच्यामुळे मिळाली, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या खोलीत तीन वर्षं माझे तास झाले. कितीतरी तास कंटाळवाणे होते, आणि बाबा म्हणाले तेच खरं असेल का, हे मनात सारखं असायचं. मी मागे, खिडकीजवळ बसायचे. उशीर झाला आणि मागचे सगळे बाक भरलेले असले, की शिकवणाऱ्या बाई पहिल्या, अक्का बसल्या होत्या त्या बाकाकडे बोट दाखवायच्या. मी मान हलवायचे आणि मागेच भिंतीला टेकून उभी राहायचे.