लायकीचा कागद

दालमिलच्या शेजारी राहिलं की घरात दोन गोष्टी साचतात. एक तुरीचा भुसा, अन् दुसरे किस्से. भुसा झाडून काढता येतो. किस्से मात्र कोणाला सांगितल्याशिवाय घराबाहेर जात न्हाईत!

पिंगळी रोडला आमच्या गच्चीची अन् मिलच्या ऑफिसची भिंत एकच. त्यांची खिडकी उघडी असली की ऐकू येतं, त्याला मी काय करू? अन् ऑफिसात बसणारी वैशाली आमच्या शेजारच्याच घरातली सून. खिडकीतून जे निसटतं, ते ती संध्याकाळी ओट्यावर बसून पुरं करते.

तर झालं असं, की एका मोठ्या कंपनीनं मिलच्या शेठला सांगितलं, "डाळ घेऊ, पण क्वालिटीचं सर्टिफिकेट पाहिजे." त्या सर्टिफिकेटसाठी म्हणे प्रत्येक कामगाराचा कागद लागतो. काय शिकला, कोणी शिकवलं, काम खरंच येतं का, सगळ्याचा पुरावा. ते काम आलं वैशालीच्या गळ्यात.

* * *

फॉर्म आला इंग्रजीत. वैशालीनं मोबाईलवर त्याचं मराठी करून घेतलं, झेरॉक्स काढल्या अन् वाटून मोकळी झाली. वर ठळक अक्षरात छापलेलं: "कर्मचाऱ्याची लायकी".

अर्ध्या तासात मिल बंद! सगळे हमाल ऑफिसच्या दारात. पुढं दत्ता.

"म्याडम, इतके वर्षं झाले, शेठनं बी कधी आमची लायकी काढली न्हाई. अन् तुमी छापून वाटायलाव?"

पोरगी रडकुंडीला आली. लायकी खोडून तिथं "पात्रता" लिहिलं. दत्तानं तेही वाचलं.

"अपात्र झालो तर काय, दुसऱ्या पक्षात जायचं का?"

* * *

रशीदचाचा मिलचे फिटर. त्यांच्या कागदावर "ट्रेनिंग देणारा" अन् "ट्रेनिंग घेणारा", दोन्ही ठिकाणी चाचांचीच सही.

"चाचा, हे कसं?"

"बेटी, मशीन मैं खुदच सिखा. तो सिखानेवाला कौन? मैंच!"

वैशाली म्हणाली, असं चालत नाही, शिकवणारं दुसरं कोणीतरी पाहिजे. चाचांनी आपलं वाकडं बोट तिच्यापुढं धरलं.

"फिर मशीन की सही ले लो. उसनेच सिखाया, उंगली दबाके!"

* * *

मग एक दिवस हात धुण्याचं ट्रेनिंग झालं. आता तुम्ही म्हणाल, हात धुवायला काय शिकायचं? पण झालं, फोटोसकट झालं! फॉर्मवर एक रकाना होता, "ट्रेनिंगचा परिणाम". तो मुकादमानं भरायचा. ज्ञानोबा मुकादम माणूस सरळ. त्यानं लिहिलं, "साबण दोन दिवसात संपला."

वैशाली म्हणाली, "अहो मुकादम, तसं नाही. कामगारांत काय बदल झाला ते लिहा."

ज्ञानोबानं डोकं खाजवून खाली लिहिलं, "साबण घरी न्यायलेत."

पुढच्या आठवड्यात आग विझवायचं ट्रेनिंग. परिणाम: "आजून लागली न्हाई."

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी गेलं. पण कौसाबाईच्या कागदाशी वैशालीचा पेन अडला.

कौसाबाई पेडगावहून ऑटोनं येती. टेबलाशी बसून आलेल्या तुरीचा नमुना बघायचा, हे तिचं काम. दाणा दाताखाली धरायचा, आवाज ऐकायचा, अन् सांगायचं, वाळली का ओली. तिनं हो म्हटल्याबिगर पोतं मशीनवर जात न्हाई. बाईला अक्षरओळख मात्र शून्य.

"मावशी, हे काम कोणी शिकवलं?"

"सासूनं."

"त्यांचं काही सर्टिफिकेट वगैरे?"

"सासू अन् सर्टिफिकेट? ती जलमभर नावंच ठेवीत गेली!"

शेठही वाईट माणूस न्हाई, पण घाबरलेला. म्हणाला, "ऑडिटमध्ये हिचा कागद बसला न्हाई, तर हिला टेबलावरून उठवून झाडलोटीला घालावं लागंल. टेबलावर शिकलेलं माणूस आणू."

त्या दुपारी कौसाबाई माझ्याकडं पाणी प्यायला आली. तांब्या हातातच धरून बसली.

"वैनी, गावात सगळ्याला सांगून बसले, मी क्वालिटीत हाय म्हणून. आता झाडू घिऊन कोणत्या तोंडानं सांगू?"

मी आपला चहा टाकला.

* * *

ऑडिटर आले पुण्याहून. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मी मिरचीची भजी घेऊन ऑफिसच्या दारात हजर. पाहुण्याला उपाशी कसं ठेवायचं?

साहेबांनी एकेक कागद बघितला. कौसाबाईच्या कागदावर थांबले. पलीकडं नमुन्याच्या टेबलाशी बाई पदर आवळून बसलेली. शेठनं घाम पुसला.

"बाई, तुम्हाला हे काम येतं याचा पुरावा काय?"

"बसा की," कौसाबाई म्हणाली. "दाखवते."

साहेब खरंच टेबलापाशी बसले! तिनं तुरीच्या चार वाट्या पुढं सरकवल्या. साहेबांनी दाणा उचलला, तर तिनं हात धरला.

"च्या पिऊन आलाव न्हवं? आधी चूळ भरा."

साहेब उठले, नळावर गेले, चूळ भरून आले. दाणा दाताखाली धरला.

"वाळलेली," म्हणाले.

"ओली हाय. पुन्यांदा."

दुसऱ्या वाटीला साहेबांनी ओली सांगितली, ती वाळलेली निघाली. तिसऱ्यांदाही चुकले. कौसाबाईनं कपाळाला हात लावला.

"जोर लावू नका हो. सुपारी न्हाई ती! वाळली असंल तर कट् असा आवाज येतो. कान तिकडं ठिवा."

साहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या वर केल्या अन् डोळे मिटून चौथा दाणा तोंडात टाकला. माझी भजी थंड.

शेठला राहवलं न्हाई. हळूच पुढं झाला. "साहेब, मग ह्या बाईला टेबलावरून उठवू का?"

साहेबांनी डोळे मिटूनच हात वर केला, गप्प राहा म्हणून.

अन् कौसाबाई मान न वळवता म्हणाली, "दमा जरा, शेठ. सायबाची परीक्षा चालू हाय!"