मागच्या टायरवरचं तेल

सिस्टर घरोघरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायच्या. दवाखान्यातल्या मोठ्या बाईंशी खटका उडाला, त्यांनी नोकरी सोडली, जुनी मोटारसायकल घेतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. भांडण निघालं की नवरासुद्धा.

त्या दिवशी रस्ता कोरडा होता, वेगही बेताचा. तरी डाव्या वळणावर मागचं चाक साबणावरून गेल्यासारखं निसटलं आणि सिस्टर आडव्या झाल्या. डावं मनगट मोडलं.

हाड जुळवणाऱ्या डॉक्टरांसमोरच नवरा म्हणाला, "हिला वळण घेता येत नाही हो नीट."

सासूबाई घरी वाटच बघत होत्या. "मी सांगत होते, स्कूटर घे. पण ऐकतंय कोण?"

नवऱ्याचा दोस्त असलेल्या मिस्त्रीने तर कळसच केला. टायरच्या डाव्या बाजूला तेल आहे असं सिस्टरनी म्हटल्यावर तो हसला. "वहिनी, चेनला तेल द्यायचं असतं, आंघोळ नाही घालायची."

"तुम्ही नवीन चेन टाकलीत, त्यानंतर मी तेलाचा थेंबही दिलेला नाही."

"मग इंजिनला घाम आला असेल."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नवरा? शेजारी उभा राहून तोही हसला.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी नवऱ्याला अंगणात बोलावलं. "रॉकेल, चिंध्या आणि पान्हे घेऊन या."

"अगं, मिस्त्री बघेल ना."

"मिस्त्रीने बघितलं म्हणूनच हा हात गळ्यात आहे. बसा खाली. दोन्ही हात तुमचे, डोळे माझे."

नवऱ्याने इंजिन पुसायला घेतलं. वरवर फडकं फिरवून तो उठायला लागला, तशा त्या कडाडल्या, "पू कुठून येतोय ते कळल्याशिवाय मी पट्टी बांधत नाही! तेल वरून खाली उतरतं, वाऱ्याने मागे जातं. दिसतं एकीकडे, निघतं दुसरीकडे. वरपासून पुसा."

सिलिंडरच्या पात्यांमधल्या फटी, बोल्टच्या खाचा, खालचं बूड, सगळं त्याने रॉकेलने धुऊन कोरडं केलं. मग चेनच्या पुढच्या दातेरी चाकावरचं झाकण काढलं. आत काळा चिखल होता; तोही खरवडला. सिस्टरनी उजव्या हाताने सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "गाडीला पावडर? आता काजळही घाला!"

गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन इंजिन सुरू केलं. तापल्यावर गिअर टाकला, मागचं चाक हवेत फिरू लागलं. वरची पावडर पांढरीशुभ्र राहिली. पण दातेरी चाकाच्या मागे, जिथे दांडा गिअरबॉक्समधून बाहेर येतो, तिथे एक काळा ओला डाग उमटला. बघता बघता तो पसरला. तिथून तेल चेनवर आणि चेनवरून टायरवर.

"बंद करा. चाक थांबलं की बोट लावा."

नवऱ्याने बोट लावलं. बोटावर चकचकीत तेल.

"सांगा. घाम आहे?"

त्याने बोट चिंधीला पुसलं. दांड्याभोवती तेल अडवणारं रबरी सील असतं; ते चेनबरोबर मिस्त्रीनेच बदललं होतं.

गॅरेजमध्ये सील काढलं, तर त्याची आतली कड दुमडून फाटलेली. मिस्त्री म्हणाला, "हल्ली मालच असा येतो, वहिनी." सिस्टर तोंड उघडणार, तेवढ्यात नवराच ओरडला, "मालाला कशाला नावं ठेवतोस? ठोकून वाकडं बसवलंस तू! नवीन आण, माझ्यासमोर बसव."

मिस्त्रीने सील बदललं. माफी मात्र मागितली नाही.

घरी येताना नवरा लाडात म्हणाला, "झाला ना राग शांत?"

"मिस्त्रीवरचा थोडा झाला. डॉक्टरांसमोर मिस्त्री नव्हता बोलला."

प्लास्टर निघेपर्यंत नवऱ्याने कामावर जाण्याआधी सिस्टरना रोज पेशंटांकडे न्यायचं ठरलं. म्हणजे सिस्टरनीच ठरवलं. प्रत्येक घरी विचारणा व्हायची, "हाताला काय झालं?" सिस्टर उत्तर देत नसत. कात्री मागत आणि नवऱ्याकडे बघत.

"गाडी घसरली," तो पहिल्या घरी पुटपुटला.

"कशामुळे?" सिस्टरनी विचारलं.

"सील फाटलं होतं. टायरवर तेल आलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

पाय पुढे करून बसलेले आजोबा कान देऊन ऐकत होते. नवऱ्याने मान खाली घातली. "वळण घेता येत नाही म्हणालो."

"मोठ्याने सांगा," सिस्टर म्हणाल्या, "आजोबांना कमी ऐकू येतं."